वाकायचं नाही

नऊ वर्षांपूर्वी जानरावांच्या कंबरेत उसण भरली, तेव्हा त्यांची वैभवी फिजिओथेरपी शिकत होती. "बाबा, यापुढं वाकायचं नाई आन् ओझं घ्यायचं नाई," असं तिनंच बजावलं. जानरावांनी ते अक्षरशः पाळलं. कोणी हसलं, तर "पोरगी डॉक्टर आहे माही," एवढंच म्हणायचे.

काल वाशीमला फिजिओथेरपिस्टांचं प्रशिक्षण झालं. शिकवणारे सर म्हणाले, "कंबरदुखीच्या पेशंटला वाकू नका, उचलू नका असं सांगणं बंद करा. दुखण्यापेक्षा त्या धाकानंच माणूस अपंग होतो."

वैभवीनं ते वहीत लिहून घेतलं आणि कारंज्याची एसटी धरली.

जानराव नेहमीसारखे खुर्चीत ताठ बसले होते.

"बाबा, आता बिनधास्त वाका. ओझं उचला. काई होत नाई."

"पयलेही झालं नसतं?"

"नाई. पन तवा आमाले तसंच शिकवलं होतं."

जानराव लगेच वाकले. चपलेचा पट्टा स्वतःच्या हातानं लावला आणि पुन्हा सरळ झाले.



"मंग तुह्या आईले म्या खांदा देल्ला असता, तरी चाललं असतं?"