तळ्याचं तिकीट

"कुठं जायचं, मावशी?" कंडक्टरनं विचारलं, तशी तानाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"कळंब्याला. तळं बघाय."

शहाण्णव सालचा मे महिना. साठीची बाई, काखेत धपाट्यांचं गाठोडं, आणि म्हणे शाहूवाडीकडनं एकटी तळं बघायला आली! शेजारच्या माणसानं मान वळवून तिला न्याहाळलं. कंडक्टरनं मात्र मुकाट्यानं तिकीट तिच्या हातात ठेवलं आणि तो दाराकडं वळून गरजला, "सरका की म्होरं! दारात काय लगीन लागलंय?"

तळं कुणाला बघायचं होतं? तिचा आकाराम तळ्याच्या अलीकडं, कळंब्याच्या जेलात होता. भावकीच्या मारामारीत कुऱ्हाड चालली आणि पोरगा सात वर्षांसाठी आत गेला. आज पहिली भेट. गावात ती अंबाबाईच्या दर्शनाचं सांगून निघाली होती. जेल नेमकं कुठं लागतं, हे तिला ठाऊक नव्हतं. आणि विचारायचं म्हणजे भरल्या गाडीत आपल्याच हातानं तोंडाला काळं फासायचं. अकराच्या आत पोचली नाही, तर लेकाचं तोंड बघायला आणखी पंधरा दिवस थांबणं आलं.

म्हणून ती खिडकीला डोळे लावून उंच भिंत शोधत बसली.

मिरजकर तिकटीचा थांबा आला आणि तिला जुनी फेरी आठवली. वीस वर्षांमागं जोतिबाची यात्रा करून ती आकारामला घेऊन अशीच के.एम.टी.च्या गाडीनं शहर बघत फिरली होती. सहा वर्षांचं पोर, केसांत गुलाल, अर्धं अंग खिडकीबाहेर. गाडी थांबली रे थांबली की ओरडायचं, "आये, ह्ये कुठलं गाव?" सगळी गाडी हसायची. कुणा अनोळखी म्हाताऱ्यानं त्याला मांडीवर घेऊन एकेका थांब्याचं नाव सांगितलं होतं. काय सुखाचे दिवस होते ते! लेकानं तेव्हा अख्खं कोल्हापूर विचारून घेतलं, आणि आज आईला एका थांब्याचं नाव काही तोंडातून काढता येईना.

घरं विरळ झाली. ऊस दिसू लागला. भिंत काही दिसेना. पलीकडच्या अंगाला असली तर? तिकडं माणसं दाटीनं उभी होती. तानाबाईचा जीव टांगणीला लागला. जाऊ दे अब्रू खड्ड्यात, म्हणून तिनं तोंड उघडलं, तोच घंटी वाजली आणि गाडी थांबली.

"तळ्याची माणसं, उतरून घ्या!" कंडक्टर ओरडला.

तिनं वाकून पलीकडं पाहिलं. पाण्याचा थेंब नव्हता. उंच दगडी भिंत होती.

"हितं तळं कुठं हाय?" तिच्या तोंडून निघून गेलं.

कंडक्टर जवळ आला. मघाचा तो गरजणारा आवाज त्यानं एकदम खाली आणला.

"तळं म्होरं हाय, मावशी. पर गाठोडं घिऊन तळ्याचं तिकीट काढणारी माणसं हितंच उतरत्यात."

तानाबाई उठली. आणि तिच्या मागोमाग, कुणाकडं न बघता, आपापली गाठोडी सावरत आणखी सहा बायका उठल्या.