सालेरचा किनारा

नवरा गेल्यापासून रेमेई रोज ट्रामने मालवारोसाच्या किनाऱ्यावर जायची. वॅलेन्सियातली निम्मी माणसं तिथेच लोटलेली असायची.

"अगं, तिथे धड पाय पसरायला जागा नसते," जिन्यात भेटलेली शेजारीण एम्पार वैतागून म्हणाली. "सालेरला जाऊन बघ एकदा. स्वच्छ वाळू, पाइनची सावली आणि चिटपाखरू नाही!"

दुसऱ्या दिवशी रेमेई बसने सालेरला गेली आणि जेवणाच्या आधीच परतली.

"इतक्यात आलीस? आवडलं नाही का?" एम्पारने विचारलं.

"छान आहे गं, अगदी तू म्हणालीस तसंच."

मग किल्ली शोधता शोधता ती हळूच म्हणाली,



"पण मालवारोसाला रोज कुणीतरी म्हणतं, 'आजी, आम्ही पोहून येतो, तोवर आमच्या सामानाकडे बघाल का?'"