दाबून ठेवलेला धान

विद्यापीठात जीवशास्त्र शिकवणाऱ्या डांगरे पतिपत्नींचे कागद नागपूरला न्यायला मी १९५८च्या जानेवारीत दवनीवाड्याला गेलो. दोघेही वारले होते. धानाच्या अभ्यासासाठी ते दरवर्षी तिथल्या बिसनलाल या शेतकऱ्याच्या घरी उतरत, म्हणून त्यांची पेटी तिथेच राहिली होती.

पेटीतल्या एका जाड कागदावर धानाची वाळलेली लोंबी चिकटवलेली होती. खाली बाईंचं अक्षर होतं: 'ऑक्टोबर १९४८. फूल साडेदहाला उघडतं, बाराच्या आत मिटतं.'

साडेदहाच वाजत होते. लोंबीवरची तुसं एकेक करून उघडली, आतून बारीक पिवळे तंतू बाहेर आले आणि कागदावर पराग सांडले. बाहेर धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, तर कापून कधीच रिकाम्या झाल्या होत्या.

बिसनलालची बायको सुखवंता दारातून हळूच म्हणाली, "हात नोका लावू जी. धान फुलून राहिला."

बाराच्या आत सगळं मिटलं.

यादी करायला मला आठ दिवस लागले. नवव्या दिवशी मी पेटी बांधायला घेतली, तेव्हा सुखवंतानं त्या लोंबीचा एक दाणा नखानं दाबून पाहिला. नखावर पांढरं दूध आलं.

"दाणा पिकू द्या जी. अजून वीस दिस पेटी नोका बांधू," ती म्हणाली.