खाडीपलीकडचं बारसं

हेरंब केणी धक्क्यावर आले, पण बोटीचं दार उघडेना. दारं माणसाच्या कपाळावरचा मालमत्तेचा दिवा पाहूनच उघडत, आणि कारखाना बुडाल्यापासून केणींचा दिवा विझला होता.

“काका, घरी जा,” पहारेकरी म्हणाला. “दिव्याशिवाय माणूस यंत्राला दिसतच नाही.”

खाडीपलीकडे नातीचं बारसं होतं. केणींनी सदरा कमरेला बांधला आणि पाण्यात उडी घेतली. तरुणपणी ही खाडी ते हौसेने पोहून जात. श्रीमंतीत ते विसरूनच गेले होते. मध्यावर दम लागला, पण हात थांबले नाहीत.

दारात निथळत उभ्या वडिलांना पाहून लेक घाबरली. “बाबा, कुणी आणलं तुम्हाला?”

कित्येक महिन्यांनी मान ताठ करून केणी म्हणाले, “कुणी कशाला? माझा मी आलो. पोहत!”