पहिली चक्कर

आपल्या जुन्या जपानी स्पोर्ट्स कारला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. शेजारीपाजारी त्यांना इंजिनसाहेब म्हणत, आणि तेही ते कौतुकच समजत. बायकोचा भाऊ बिचारा कधीचा मागे लागला होता, "भाऊजी, एकदाच चालवू द्या ना."

"मेकॅनिकच्या हाती देत नाही, तुझ्या हाती देईन होय?" हे साहेबांचं ठरलेलं उत्तर.

परवा त्यांनी घरच्या घरी ब्रेक खोलले आणि मूळ जपानी पुस्तकातली चित्रं बघत, शीळ घालत सगळं परत जोडलं. हात पुसायला फडकं उचललं, तर त्याखाली अंगठ्याएवढा एक बोल्ट उरलेला. गाडीखाली शिरून पाहिलं, पुस्तक उलटं धरून पाहिलं. त्याची जागा काही सापडेना. मेकॅनिकला बोलवावं, तर गल्लीत नाक कापलं जाणार.

साहेबांनी बोल्ट गुपचूप खिशात टाकला, गाडी लखलखीत पुसली आणि मेहुण्याला फोन लावला.

"अरे, किती दिवस नुसता मागे लागणार आहेस? ये लगेच. पहिली चक्कर मारायचा मान तुझा."