कुसुमताईंची आवड

बुवांनी तीच ओळ पुन्हा एकदा घोळवली आणि सकाळच्या मैफलीला पायऱ्यांपर्यंत भरलेलं सभागृह माना डोलवू लागलं. कुसुमताईंना मात्र आजही कोणी गुळण्या करत असल्यासारखंच वाटत होतं. ठणकणारे गुडघे चोळत त्या बुवांच्या मागे तंबोरा घेऊन बसलेल्या आपल्या गंधारकडे बघत राहिल्या. खराडीतली चांगली नोकरी सोडून पोराला यात काय सापडलं, देव जाणे.

लग्नाआधी श्रीनिवासराव बघायला आले, तेव्हा आईनं पढवून ठेवलं होतं, "आवड विचारली तर बुवांचं गाणं सांग. मुलाकडचे गाण्यातले आहेत." कुसुमताईंनी सांगितलं. तेव्हापासून श्रीनिवासराव दरवर्षी न चुकता तिकिटं आणत आले, आणि नवऱ्याची हौस कशाला मोडा, म्हणून त्या येत राहिल्या.

आज पार्किंगमध्ये त्यांना राहवलं नाही.

"अहो, एक विचारू? बुवांच्या गाण्यात तुम्हाला एवढं काय आवडतं हो?"

"मला?" श्रीनिवासराव स्कूटरची किल्ली शोधत म्हणाले. "मी आपला तुझ्याबरोबर येतो आणि पेंगतो."

किल्ली सापडली. त्यांनी स्कूटर स्टँडवरून काढली.

"गंधार तर नोकरी सोडायला तयारच नव्हता. मीच म्हटलं, आईनं जन्मभर दुसरं काही मागितलं नाही, एवढं कर तिच्यासाठी."