समोरच्याचा आरसा

कादंबरीला मागणी घालायला गंधार कोथरूडला निघाला, तो नुकताच एनएलपीचा, म्हणजे दुसऱ्याच्या मनात शिरायचा कोर्स करून. समोरचा करेल तसंच आपण करत राहायचं, की तो आपसूक आपल्या बाजूला येतो, असं त्याला तिथे शिकवलं होतं.

"बिबवेवाडीहून, म्हणजे पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाहून आलात? मग मुक्कामाच्या तयारीनेच आला असाल," कादंबरीचे बाबा श्यामसुंदरराव म्हणाले आणि त्यांनी कान खाजवला. गंधारनेही खाजवला. त्यांनी पायावर पाय टाकला, यानेही टाकला. एवढ्यात गंधारला शिंक आली, तर श्यामसुंदररावही शिंकले. याने घाम पुसला, त्यांनी आपलं कोरडं कपाळ पुसलं. तेव्हा गंधारला उमगलं, की होऊ घातलेले सासरेही तोच कोर्स करून बसलेत!

आता आधी कोण हलणार? दोघांचे हात कपाच्या कानाला चिकटले ते चिकटलेच. चहावर साय धरली. भिंतीवरची पालसुद्धा, ही माणसं की चित्रं, म्हणून जवळ येऊन बघून गेली. होकार नाही, नकार नाही. आतल्या दाराशी कादंबरी नखं खात उभी.

शेवटी तिची आई, श्यामलाबाई, पेढे घेऊन बाहेर आल्या. दोघांच्या बरोबर समोर उभ्या राहिल्या आणि चांगली छातीपर्यंत मान डोलावत म्हणाल्या, "मग साखरपुडा दिवाळीतच करायचा ना?"

सवयीने दोघांच्याही माना डोलल्या. कशासाठी डोलल्या, ते पेढा तोंडात गेल्यावर ध्यानात आलं.